पायाचं नख रुतलंय, पिकलंय की बुरशी लागलीय? मलम लावण्याआधी हे वाचा

माझ्या दोन पायांच्या दोन अंगठ्यांना दोन वेगळी दुखणी होती आणि मी दोन्हींवर एकच मलम चोळत होतो. उजव्याचं नख मांसात रुतलं होतं, डाव्याच्या नखाला बुरशी होती, आणि मलम होतं तिसऱ्याच कशावरचं. यात आठ महिने गेले.

सुरुवात झाली अनंत चतुर्दशीला. इंदूरचा माणूस त्या रात्री घरी बसत नाही. कापड गिरण्या कधीच बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, अजून निघतात आणि आम्ही पहाटेपर्यंत राजवाड्याच्या आसपास पाय ओढत हिंडतो. मी नवे, पुढून निमुळते बूट घालून गेलो होतो, वरून पाऊस. सकाळी उजवा अंगठा टम्म. मग मी नेलकटरचं टोक आत घालून रुतलेला कोपरा खोलवर कापून काढला. दोन दिवस इतकं बरं वाटलं की घरात सगळ्यांना ती युक्ती शिकवली. तिसऱ्या आठवड्यात पू.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने पाय न बघताच ट्यूब पुढे केली. "भैया, ये लगा लो, सब पर चलती है." मी म्हटलं, सगळ्यावर चालते तर डाव्यालाही लावू. डावं नख तसंही दोन वर्षांपासून पिवळं पडलेलं होतं.

मी डॉक्टर नाही. पुढे लिहिलंय ते त्वचारोगतज्ज्ञ आणि सर्जन यांच्या पायऱ्या चढून-उतरून कळलेलं आहे. ज्या क्रमाने मी करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहितो.

१. घरी थांबायची मुभा तुम्हाला आहे का, ते आधी ठरवा

साखरेचा आजार असेल, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं कधी सांगितलं असेल, पायाला बधिरपणा असेल, किंवा केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची गोळी यांमुळे प्रतिकारशक्ती कमी असेल, तर खालचे घरगुती उपाय तुमच्यासाठी नाहीत. नखाशेजारी थोडी लाली दिसली तरी सरळ डॉक्टर.

हे मी आईवरून सांगतोय. तिला वीस वर्षांपासून साखर आहे. तिच्या अंगठ्याचा कोपरा पिकला तेव्हा तिला दुखलंच नाही. मोज्यावर चहाचा पडावा तसा पिवळट डाग दिसला म्हणून वहिनीने पाय उचलून पाहिला, तर लाली पावलाच्या मध्यापर्यंत आलेली. चार दिवस सलाइनमधून औषध द्यावं लागलं. अंगठा वाचला. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब साखरेच्या माणसाला लागू होत नाही. दुखणं कळवणाऱ्या नसाच मंदावलेल्या असतात. त्याच कारणाने अशा माणसाने गरम पाण्यात पाय घालू नये. चटका बसतो आणि कळत नाही.

बाकीच्यांनीही यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा:

- लाली नखाच्या कडेवरून पुढे बोटावर, पावलावर सरकतेय (पेनाने कड आखून ठेवा, चार तासांनी बघा)
- पायावर वर चढणारी लाल रेघ
- ताप, हुडहुडी
- पू साठून फुगलेला भाग, रात्री झोपू न देणारा ठणका
- बोट काळं-निळं किंवा गार पडलेलं

पहिली तीन किंवा शेवटचं रात्री अकराला दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्री अकराला सराफ्यात खायला जायला आपल्या अंगात बळ असतं, दवाखान्यात जायलाच नसतं.

२. नख उजेडात बघा

पाय धुवा, नेलपॉलिश पुसा, मेंदी असेल तर नखाचा रंग फसवतो हे लक्षात ठेवा. गॅलरीत उन्हात बसा. वाकता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. दोन्ही पाय बघा, बोटांच्या बेचक्या बघा आणि हाताची नखंही बघा. का ते पुढे येईल.

नख रुतलेलं असेल तर दुखणं एका कोपऱ्यात असतं, बहुतेक वेळा अंगठ्याच्याच. नख स्वतः चांगलं, स्वच्छ, गुलाबी. शेजारचं मांस सुजून नखावर चढलेलं, आणि जुनं झालं तर तिथे लालभडक मऊ कोंब येतो, मोजा लागला तरी रक्त. घट्ट बूट आणि कोपरे गोल कापायची सवय ही दोन मुख्य कारणं.

नखुरडं म्हणजे नखाच्या कडेच्या कातडीत जंतू शिरून पिकणं. काल नव्हतं, आज आहे, असा त्याचा वेग. नखाजवळची सालटी ओढून काढली, पार्लरमध्ये कातडी मागे रेटली, ठेच लागली, असं काहीतरी आदल्या दोन-चार दिवसांत घडलेलं असतं. रुतलेल्या नखाशेजारीही हेच होतं, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

बुरशीला घाई नसते. टोकाला किंवा कडेला पिवळा-पांढरा डाग, मग तो मुळाकडे सरकत जातो. नख जाड होतं, ठिसूळ होतं, खाली भुसा साठतो. दुखत नाही, निदान सुरुवातीला तरी. सोबत बेचक्यांत चिखल्या असतील किंवा तळव्याची कातडी कोरडी होऊन पिठासारखी सुटत असेल, तर बुरशीचा संशय आणखी पक्का, कारण बुरशी बहुधा कातडीवरूनच नखात शिरते.

आता हाताच्या नखांचं. तिथे टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील आणि कोपर-गुडघ्यांवर चंदेरी पापुद्रे असतील, तर ते सोरायसिस असू शकतं. पायाचं नख तेव्हाही जाड आणि पिवळंच दिसतं, पण बुरशीच्या औषधाने ढिम्म हलत नाही. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेल्या निम्म्यांना दुसरं काहीतरी झालेलं असतं आणि डोळ्यांनी फरक सांगणं तज्ज्ञांनाही अवघड जातं.

काळ्या रंगाबद्दल दोन शब्द. ठेच लागून नखाखाली रक्त साकळलं तर डाग जांभळा-काळा असतो आणि नख वाढेल तसा पुढे सरकतो. तो निघून जातो. पण मार लागलेला आठवत नाही, एकाच नखात मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी उभी रेघ आली आहे, ती रुंद होतेय किंवा काळेपणा नखामागच्या कातडीवर उतरलाय, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो त्वचेचा कर्करोग असतो. सावळ्या माणसांत अनेक नखांवर बारीक तपकिरी रेघा असणं सर्रास दिसतं, त्याने घाबरू नका; नवी आणि एकटी रेघ मात्र सोडू नका.

३. सामान जमवा

- पाय बुडेल असं लहान टब किंवा घमेलं, फक्त याच कामाला
- सरळ धारेचा नेलकटर, स्वतःचा
- निर्जंतुक कापूस, गॉझ, चिकटपट्टी
- जुना मऊ सुती पंचा, पाय पुसायला. तो रोज धुवायचा
- पुढून उघडी चप्पल
- बुरशी असेल तर दोन कानशी: एक बिघडलेल्या नखाला, एक चांगल्या नखांना

सामानात काय नको तेही सांगतो. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. फेस बघून समाधान होतं, पण भरत आलेली कातडीही जळते. चुना-हळद नको, चुन्याने कातडी भाजते. लसूण ठेचून बांधणं नको, तेही भाजतं. माझ्या आत्याने लिंबात बोट घालायला सांगितलं. हाताच्या नखुरड्याला आपल्या पिढ्यान्‌पिढ्या लिंबं लागली आहेत, पण पायाच्या अंगठ्याला ईडलिंबूच शोधावं लागलं असतं. तिला दुखवायचं नव्हतं म्हणून मी लिंबाचं सरबत करून प्यालो.

४. नख रुतलंय, पण पू नाही: घरचे चार-पाच दिवस

कोमट पाणी घ्या. कोपराने तपासा, लहान मुलाला आंघोळ घालताना बघतो तसं. पंधरा मिनिटं पाय बुडवा, दिवसातून तीन-चार वेळा. चिमूटभर मीठ घातलं तर घाला, पण काम पाणी करतं, मीठ नाही. मग पाय कोरडा करा, खरोखर कोरडा, बेचक्यांसकट.

आता कातडी मऊ आहे. बोटाच्या पेराने सुजलेलं मांस नखापासून बाहेरच्या बाजूला हळूच दाबत न्या. कापसाची तांदळाच्या दाण्याहून बारीक वळी करा आणि रुतलेल्या कोपऱ्याखाली सरकवा, म्हणजे नखाचं टोक मांसावरून उचललं जाईल. पहिल्या दिवशी जाणार नाही. मला तिसऱ्या प्रयत्नाला जमलं आणि डोळ्यांत पाणी आलं. कापूस रोज बदला. ओला कापूस आत राहिला तर तोच घाण धरतो. हे जमत नसेल तर चिकटपट्टीचं एक टोक मांसाच्या कडेला लावा, मांस नखापासून दूर ओढा आणि पट्टी तिरकी बोटाखालून गुंडाळा. बोटाला पूर्ण वेढा घालून आवळू नका.

उघडी चप्पल घाला. ऑफिसात बूट सक्तीचे असतील तर चार दिवस चप्पल चालवून घ्या म्हणून सांगा. कुणीही ते सुजलेलं बोट बघितल्यावर नाही म्हणत नाही.

बायकांसाठी: दुसऱ्या बोटात जोडवी असतील आणि सूज त्या बाजूला येतेय असं वाटलं तर पहिल्याच दिवशी काढा. साबण लावून निघतात. चौथ्या दिवशी निघत नाहीत, मग कापावी लागतात.

सापळा कोणता, तर मी केला तोच. कोपरा खोल कापला की दाब सुटतो आणि लगेच आराम पडतो. पण आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, नखाचा एक काट्यासारखा तुकडा उरतो. नख वाढतं, काटा पुढे सरकतो आणि मांसात घुसतो. रुतलेल्या नखाला हात लावायचाच असेल तर टोकाशी सरळ रेषेत कापा आणि कोपरे मांसाच्या बाहेर राहू द्या.

दोन-तीन दिवसांत दुखणं उतरायला हवं. आठवडा झाला तरी तसंच असेल, किंवा पू आणि कोंब दिसला, तर पुढचं काम तुमचं नाही.

५. नखुरडं पिकलंय

नुसती लाली आणि ठसठस असेल तर तेच कोमट पाणी, दिवसातून तीन-चार वेळा. कित्येक नखुरडी एवढ्यानेच बसतात. पू दिसत असेल तर सुई तापवून टोचायचा मोह आवरा. डॉक्टर तो भाग निर्जंतुक हत्याराने उघडून पू काढतात, दोन मिनिटांत ठणका जातो, आणि गरज असली तर प्रतिजैविक देतात. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते विचारतील, आठवून जा.

नख रुतलेलं असताना नुसती प्रतिजैविकं घेतली तर काय होतं, तेही ऐका. मी दोन कोर्स केले. गोळ्या चालू असेपर्यंत लाली कमी, बंद केल्या की दहा दिवसांत परत. पायात काटा ठेवून औषध घेत होतो, बरं कसं होणार?

६. बुरशी वाटतेय: आधी तपासणी, मग औषध

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात, म्हणून जरा सविस्तर.

डॉक्टर नखाखालचा भुसा खरवडून घेतात, जितक्या मागून मिळेल तितक्या मागून, कारण जिवंत बुरशी तिथे असते. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कल्चरला (म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला) पाठवलं तर उत्तर यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. काही ठिकाणी नखाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवतात.

माझा पहिला अहवाल निगेटिव्ह आला. आदल्या रात्रीपर्यंत ती सब-पर-चलनेवाली ट्यूब चोळत होतो, आणि वर शहाणपणा म्हणून डॉक्टरांकडे जायचंय तर नखं कापून, खालचा भुसा टोकरून चकचकीत करून गेलो. खरवडायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा जाण्याआधी नख कापू नका, आणि बुरशीचं कुठलंही मलम लावत असाल तर फोन करून विचारा की किती दिवस आधी थांबवायचं. दुसऱ्यांदा नीट गेलो, बुरशी सापडली.

ती ट्यूबही डॉक्टरांना दाखवली. त्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र होती. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं, आणि बुरशी खाली आरामात पसरत राहते. आपल्या देशात अलीकडे गजकर्ण-नायटा इतका हट्टी झालाय, त्यात अशा मलमांचा मोठा हात असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. काही बुरशींवर तर नेहमीची गोळीही चालेनाशी झाली आहे. शिवाय नख म्हणजे कौल. मलम कौलावरून वाहून जातं, आत झिरपत नाही.

नखात झिरपेल असं औषध नेलपॉलिशसारखं येतं. अमोरोल्फीन ५ टक्के आठवड्यातून एकदा-दोनदा लावतात, सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज. आधी कानस मारून नख पातळ करायचं. नखाचा टोकाकडचा थोडाच भाग बिघडलाय, मूळ स्वच्छ आहे, एक-दोनच नखं आहेत, अशा वेळी हे पुरू शकतं. महिनोन्‌महिने लावावं लागतं आणि दहापैकी आठ माणसं तिसऱ्या महिन्यात कंटाळतात, असं माझं आपलं घरच्या-दारच्यांवरून बनलेलं मत.

लेझरची जाहिरात बघून गेलात तर पैसे देण्याआधी विचारा: तपासणीत बुरशी सापडली आहे का, किती बैठका, आणि नख स्वच्छ झालं नाही तर पुढे काय. गोळ्यांच्या मानाने लेझरचा पुरावा तोकडा आहे.

आणि एक. ऐंशीच्या आजोबांच्या एका नखाला बुरशी आहे, दुखत नाही, साखर नाही, चालणं नीट आहे, तर काहीच न करणं हाही पर्याय असतो. नख वेळेवर पातळ करून कापत राहायचं. डॉक्टर स्वतःच असं सुचवतील तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका.

७. गोळ्या सुरू झाल्या

मोठ्या माणसाला पायाच्या नखासाठी बहुधा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, १२ आठवडे अशी सुरुवात असते. दुसरं औषध इट्राकोनाझोल. ते कधी रोज, कधी महिन्यातून एक आठवडा असं देतात. दोन्हींच्या आधी यकृताची रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टरांनी सांगितली नाही तर विचारा.

पुढच्या गोष्टी स्वतःहून सांगायच्या: कावीळ किंवा यकृताचा त्रास झालेला आहे का, दारू किती, गरोदर आहात का किंवा तसा विचार आहे का. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर इट्राकोनाझोल चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही, आणि अॅसिडिटीची गोळी बरोबर घेतली तर ते नीट शोषलं जात नाही. टर्बिनाफिनचं रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांशी वाकडं आहे. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून या गोळ्या घेऊ नयेत, त्या यासाठी.

गोळ्या चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, सतत मळमळ आणि थकवा आला, अंगावर पुरळ उठलं, तर गोळी थांबवून डॉक्टरांना भेटा.

टर्बिनाफिनने कधीकधी चव जाते. माझी पाचव्या आठवड्यात गेली. इंदूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही: रविवारचे पोहे, वर शेव, जिरावण, आणि तोंडात भिजवलेला पुठ्ठा. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासून उरलेला कोर्स पुरा करायला सांगितला. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी चव परत आली. तुम्हीही सांगा, मनानेच गोळी सोडू नका आणि मनानेच चालूही ठेवू नका.

१२ आठवडे संपले तरी नख पिवळंच दिसतं आणि माणूस हबकतो. बुरशी मेली तरी बिघडलेलं नख दुरुस्त होत नाही, ते नुसतं पुढे ढकललं जातं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलीमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मी दर संकष्टीला फोटो काढायचो. तिथी विसरत नाही म्हणून. पहिल्या तीन फोटोंत काही नाही. चौथ्यात मुळाशी गव्हाच्या कोंड्याएवढी गुलाबी पट्टी. चौदा संकष्ट्या लागल्या.

चिखल्या असतील तर त्यांचं मलम याच काळात लावा, नाहीतर कातडीतली बुरशी नव्या नखात परत शिरते.

८. कुणाकडे जायचं, काय घेऊन

बुरशी, रंग बदललेलं नख, काळी रेघ: त्वचारोगतज्ज्ञ. रुतून पिकलेलं नख: सर्जन, किंवा नखांची शस्त्रक्रिया करणारे त्वचारोगतज्ज्ञ. साखरेच्या रुग्णाने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही कळवायचं. सरकारीत दाखवायचं तर एम. वाय. रुग्णालय आहेच; सकाळी लवकर पोचा, पर्ची आधी काढा. (आपण पर्ची म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात. हसू द्या.)

सोबत घ्यायचं:

- आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर, नोंदणीसाठी
- जुन्या पर्च्या आणि अहवाल, साखर असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा अहवाल
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रक्त पातळ करणारी असेल तर ती सगळ्यात वर
- आजवर लावलेली मलमं, ट्यूबसकट
- कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे ते कागदावर
- सुरुवातीपासूनचे फोटो

आयुष्मान कार्डावर भिस्त ठेवून जाऊ नका. ते मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, बाह्यरुग्ण तपासणीला नाही. लांबलचक कोर्स लिहून दिला तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी मिळते का ते विचारा.

९. रुतलेल्या नखाचं छोटं ऑपरेशन

याची लोकांना फार धास्ती असते, म्हणून माझ्या बाबतीत झालं तसं सांगतो. पूर्ण नख उपटत नाहीत. रुतलेल्या बाजूची उभी पट्टी, तीन-चार मिलीमीटरची, मुळापर्यंत काढतात आणि तेवढ्याच मुळावर फिनॉल, म्हणजे मूळ जाळणारं रसायन, लावतात, म्हणजे ती कड परत उगवत नाही. नुसतं नख काढून मूळ तसंच सोडलं तर परत रुतण्याची शक्यता खूप जास्त असते, तेव्हा "मुळावर फिनॉल लावणार का" हे आधी विचारून घ्या.

खरं दुखतं ते बधिर करायचं इंजेक्शन. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना देतात, दहा-पंधरा सेकंद मिरची झोंबल्यासारखं वाटतं. मग बोट आपलं राहत नाही. रक्त थांबवायला बुडाशी रबर बांधलं, एक कटकन आवाज आला, फिनॉलचा जुन्या दवाखान्यांसारखा वास आला, संपलं. डॉक्टरांनी गॉझवर ती पट्टी दाखवली. साळीच्या तुसाएवढी, आणि मागच्या टोकाला माशाच्या काट्यासारखा वाकडा अणकुचीदार तुकडा. माझ्याच नेलकटरने घडवलेला.

कुणाला तरी सोबत न्या, परत येताना स्कूटर चालवू नका. बधिरपणा दोन-तीन तासांत उतरायच्या आत सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्या. पहिला दिवस पाय उशीवर. ड्रेसिंग सांगतील तसं रोज. फिनॉल लावलं असेल तर दोन-तीन आठवडे पातळ पिवळट पाणी झिरपत राहतं. तो पू नाही. दुखणं वाढलं, लाली पसरली किंवा घाण वास आला तर मात्र दाखवा. मी तिसऱ्या दिवशी उघड्या चपलेत कामावर होतो.

१०. परत होऊ नये म्हणून

नखं सरळ कापा, कोपरे दिसत राहतील इतकी लांब ठेवा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. एकच जोड रोज घालू नका, एक दिवस वाळू द्या. मोजे सुती, रोज बदला. बुरशी होती तर गरम पाण्यात धुवा, मशीनला ६० अंशांची सोय असेल तर त्यावर. पावसाळ्यात दप्तरात आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये मोज्यांचा जादा जोड ठेवा. खजरान्याच्या गणपतीला अनवाणी जाणाऱ्यांनी घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या पुसाव्यात, एवढंच.

पार्लरमध्ये पेडिक्युअर करायचं असेल तर हत्यारं आपली न्या आणि नखामागची कातडी कापू देऊ नका. घरातही एक नेलकटर पाच जणांत फिरतो, तो आधी बंद करा. आमच्याकडे आता पाच आहेत, पाच रंगांचे दोरे बांधलेले. आईच्या लाल दोऱ्याच्या कटरला तिनेही हात लावायचा नाही, तिची नखं दर पंधरा दिवसांनी वहिनी चष्मा लावून कापते आणि कापता कापता तळवेही बघून घेते.